स्मोकी माउंटन्समधली ओंडक्यांची घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल या भागातली मराठी मंडळी लाँग वीकेंडला गॅटलिनबर्गला जातात, केड्स कोव्हच्या रस्त्यावर गाडी फिरवतात, पहिल्या लाकडी घरासमोर फोटो काढतात आणि दुसरं घर आलं की "हेही तसंच दिसतंय" म्हणत गाडीतून उतरतच नाहीत. ही घरं एकसारखी नाहीत. पाहुण्यांना तिकडे नेलं की जे प्रश्न हमखास येतात, ते आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

ही घरं नेमकी कुठे आहेत?

ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर पाच लाख एकरांहून जास्त डोंगराळ जंगल आहे आणि त्यात घरं, कोठारं, पाणचक्क्या, चर्च, शाळा मिळून नव्वदहून अधिक जुन्या इमारती जपलेल्या आहेत. बहुतेक लोक केड्स कोव्ह पाहतात. डोंगरांनी चारी बाजूंनी वेढलेलं हे सपाट, सुपीक खोरं आहे आणि त्याला ११ मैलांचा एकेरी रस्ता वळसा घालतो. गॅटलिनबर्गजवळचा रोअरिंग फोर्क रस्ता, आत चालत जावं लागणारं लिटल ग्रीनब्रायर आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूचं ओकोनालुफ्टीचं माउंटन फार्म म्युझियम ही बाकीची ठिकाणं. गर्दीचा कंटाळा असेल तर केड्स कोव्ह सोडून या तिघांपैकी एखादं आधी बघा.

अमेरिकेत आलेल्या इंग्रजांनीच ही पद्धत आणली ना?

नाही. जेम्सटाउन आणि प्लिमथच्या इंग्रजांनी सुरुवातीला आपल्या देशातल्यासारखी लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीची घरं बांधली. आडवे ओंडके एकावर एक रचून भिंत उभी करायची रीत डेलावेअर नदीच्या खोऱ्यात १६३८ मध्ये आलेल्या स्वीडिश आणि फिनिश वसाहतवाल्यांनी आणली. त्यांच्या देशांत उंच, सरळ झाडांची कमतरता नव्हती, इथेही नव्हती. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनांची स्वतःची सुतारकी त्यात मिसळली. आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेल्या स्कॉट्स-आयरिश लोकांकडे लाकडाची अशी परंपरा नव्हती, पण त्यांनी ती पटकन उचलली आणि शेनान्डोआ खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकताना अ‍ॅपलाचियन डोंगरांत सगळीकडे पोचवली. म्हणजे ज्या घराला अस्सल अमेरिकन म्हणून मिरवलं जातं, त्याचं मूळ बाल्टिक समुद्राकाठी आहे.

इथले मूळ रहिवासी असलेले चेरोकी लोकही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओंडक्यांच्या घरांत राहू लागले होते. त्याआधी त्यांची घरं कुडाची असत. त्यामुळे तंबूत राहणारे इंडियन आणि केबिनमध्ये राहणारे गोरे हे सिनेमातलं चित्र इथे अजिबात लागू पडत नाही.

पहिली माणसं कोण आली?

गॅटलिनबर्गची गोष्ट आधी सांगतो, कारण ती कमी लोकांना माहीत असते. विल्यम ओगल नावाच्या माणसाने साउथ कॅरोलायनातून येऊन इथे जागा हेरली आणि १८०२ च्या सुमारास घरासाठी ओंडके तोडून, तासून ठेवले. कुटुंबाला आणायला परत गेला आणि १८०३ मध्ये तिकडेच आजारपणात वारला. चारेक वर्षांनी त्याची विधवा मार्था आपल्या मुलांना आणि भावाला घेऊन या डोंगरात आली. नवऱ्याने तासलेले ओंडके जागेवर होते. त्यांचंच घर उभं राहिलं. ते घर आज गॅटलिनबर्गच्या भर गर्दीत आहे आणि लोक हातात आइस्क्रीम घेऊन त्याच्यासमोरून निघून जातात.

केड्स कोव्हमध्ये जॉन ऑलिव्हर आणि त्याची बायको १८१८ मध्ये आले. जॉन ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धातला सैनिक. त्यांनी पाऊल ठेवलं तेव्हा ही जमीन कायद्याने चेरोकींची होती. चेरोकींनी त्यावरचा हक्क सोडला तो पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १८१९ च्या कॅलहून करारात. आणि पहिल्या हिवाळ्यात हे कुटुंब उपासमारीतून वाचलं ते चेरोकींनी दिलेल्या वाळवलेल्या भोपळ्यावर. वीस वर्षांनी, १८३८ मध्ये, सरकारने सुमारे १६,००० चेरोकींना सक्तीने मिसिसिपीपलीकडे हाकललं. वाटेत हजारो मेले. डोंगरात तगून राहिलेल्यांचे वंशज आज पार्कला लागून असलेल्या चेरोकी गावात राहतात. ऑलिव्हरचं घर पाहताना मला हा भोपळा आठवतोच.

नुसत्या कुऱ्हाडीने घर बांधता येतं?

येतं, पण "नुसत्या" म्हणण्यासारखं ते काम नाही.

झाड शक्यतो हिवाळ्यात तोडत. तेव्हा खोडात रस कमी असतो आणि शेतीची कामंही नसतात. पसंती ट्यूलिप पॉप्लरला, कारण हे झाड सरळसोट वाढतं, फांद्या खूप वर फुटतात आणि लाकूड हलकं, तासायला सोपं. ओंडका आडवा पाडून त्यावर खडूने किंवा कोळशाने माखलेली दोरी ताणून रेघ उमटवायची. मग साध्या कुऱ्हाडीने रेघेपर्यंत ठरावीक अंतरावर आडवे घाव घालायचे आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने मधला भाग कडेकडेने छिलून काढायचा. या कुऱ्हाडीच्या पात्याची एक बाजू सपाट असते आणि दांडा किंचित बाहेरच्या बाजूला वाकवलेला असतो, नाहीतर तासणाऱ्याची बोटं ओंडक्यावर घासली जातील.

हे सगळं आजही भिंतीवर वाचता येतं. घराच्या बाहेरच्या भिंतीशी तिरप्या उन्हात उभे राहा. ओंडक्यावर वीतभर अंतराने खोल, उभे चरे दिसतील. ते पहिल्या घावांचे, जे जरा जास्तच आत गेले. चरे क्वचित आणि उथळ असतील तर हात बसलेला माणूस होता. एकाच भिंतीत दोन वेगळ्या हातांचे ओंडके दिसतात तेव्हा समजावं की शेजारी मदतीला आले होते.

ओंडके गोल न ठेवता चपटे का केले, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. साल आणि तिच्या लगतचं कोवळं लाकूड आधी कुजतं, त्यातच कीड धरते. ते काढून टाकलं की आतलं टणक लाकूड उरतं, वजन कमी होतं आणि पावसाचं पाणी सपाट भिंतीवरून सरळ खाली जातं. गोल ओंडक्यांची घरंही बांधत, पण ती बहुधा घाईची, तात्पुरती. जी टिकली ती मुख्यतः तासलेल्या ओंडक्यांची.

ओंडके तयार झाले की आसपासची सगळी माणसं एका दिवशी जमत. चार कोपऱ्यांवर चार तरबेज कुऱ्हाडवाले, बाकीचे ओंडके वर चढवायला. भिंती एकदोन दिवसांत उभ्या राहत. घरधन्याने जेवण घालायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच्या घराला जायचं, पैशाचा व्यवहार नाही. इर्जिक ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

खिळे नाहीत, मग भिंती सुटत कशा नाहीत?

सगळं कोपऱ्यात आहे. स्मोकीमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो हाफ-डोव्हटेल सांधा. ओंडक्याच्या टोकाला वरची बाजू उतरती आणि खालची आडवी अशी कापतात. वरच्या ओंडक्याला खालून त्या उताराला बसेल अशी खाच असते. वरून वजन पडत गेलं की सांधा घट्ट होत जातो आणि ओंडका बाहेर सरकायला वाव राहत नाही. शिवाय उतार बाहेरच्या बाजूला असल्यामुळे खाचेत शिरलेलं पाणी बाहेरच वाहतं. लाकडाचा शत्रू साचलेलं पाणी, आणि ते या सांध्यात साचतच नाही.

दुसऱ्या पद्धती आहेतच: इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, चौकोनी खाच, गोल ओंडक्यांसाठी खोगिरासारखी खाच. पण कोपऱ्यात बोट फिरवून बघायचं असेल तर हाफ-डोव्हटेलच बघा. चांगल्या सुताराच्या कोपऱ्यात पोस्टकार्डही शिरणार नाही.

दोन ओंडक्यांमध्ये एवढ्या फटी? थंडी वाजत नसे?

वाजत असे. फटींमध्ये लाकडाचे तुकडे किंवा दगड कोंबून वर चिखलाचं लिंपण करत. लिंपण वाळून पडायचं, दरवर्षी पुन्हा करायचं. काही घरांत आतून किंवा बाहेरून फटींवर पातळ फळ्या ठोकलेल्या दिसतात. नंतरच्या काळात भिंतींना वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवत. वारा अडायचा, भिंत उजळ दिसायची, आणि पोरं त्यावरच अक्षरं गिरवायची.

घर जमिनीला टेकत नाही, चार कोपऱ्यांखाली रचलेल्या दगडांवर उभं असतं. घरं टिकण्याचं हे एक मोठं कारण. छपरासाठी ओकचे बुंधे फ्रो नावाच्या हत्याराने उभे फोडून फळ्या काढत. हे हत्यार लांब पात्याचं, मूठ काटकोनात, वरून लाकडी मोगरीने ठोकायचं. करवतीने कापलं की लाकडाचे धागे तुटतात आणि पाणी मुरतं. फोडलं की धागे अखंड राहतात, म्हणून फोडलेली फळी जास्त टिकते. फळ्या कृष्णपक्षात फोडल्या तर वाकड्या होत नाहीत, अशीही समजूत होती. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुरुवातीच्या घरांची धुराडी काटक्या आणि चिखलाची असत. आग लागली की धुराडं लाथेने किंवा लांब काठीने ढकलून घरापासून वेगळं करायचं. दगडी धुराडी नंतर आली, विटांची त्याहून नंतर.

एका खोलीत एवढी माणसं कशी राहत?

बहुतेक घरं सोळा-वीस फुटांची एक खोली, वर झोपायला माळा आणि पुढे-मागे ओसरी एवढीच. ओंडका किती लांब उचलता येतो यावर खोलीचा आकार ठरायचा. जागा कमी पडली की दुसरी खोली जोडायची, पण तयार भिंतीत ओंडके गुंफता येत नाहीत. म्हणून नवी खोली स्वतंत्र बांधून एकतर मधल्या धुराड्याच्या दोन अंगांना दोन खोल्या करायच्या, नाहीतर मध्ये मोकळा बोळ ठेवून दोन्ही खोल्यांवर एकच छप्पर टाकायचं. गॅटलिनबर्गजवळचं नोआ 'बड' ओगलचं घर पहिल्या प्रकारचं आहे. त्याने डोंगरातल्या झऱ्यापासून लाकडी पन्हळीतून घरापर्यंत पाणीही आणलं होतं.

केड्स कोव्हमधल्या एलायजा ऑलिव्हरच्या घरात ओसरीचा एक कोपरा बंद करून वाटसरूंसाठी खोली केलेली आहे. रात्रीचा अनोळखी माणूस दारात आला तर त्याला नाही म्हणायचं नाही, पण सगळं कुटुंब झोपतं त्या खोलीतही घ्यायचं नाही. ओसरीवरची ही खोली म्हणजे त्यावर काढलेला तोडगा.

वॉकर बहिणी कोण होत्या?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी लिटल ग्रीनब्रायरला जायला सांगतो. जुन्या शाळेपासून मैलभराहून थोडं जास्त चालावं लागतं.

जॉन वॉकर यादवी युद्धात उत्तरेकडून लढला, कैदेत राहिला, घरी आला आणि मार्गारेट किंगशी लग्न केलं. तिच्या वडिलांनी बांधलेलं घर पुढे त्यांचं झालं. अकरा मुलं, सात मुली आणि चार मुलगे, आणि त्या काळात, त्या डोंगरात अकराच्या अकरा मोठी झाली. मुलगे लग्नं करून बाहेर पडले. मुलींपैकी फक्त सारा कॅरोलाइनचं लग्न झालं. बाकीच्या सहा जणी घरातच राहिल्या. वडील १९२१ मध्ये गेले. त्यानंतर शेत, मेंढ्या, कापूस, फळबाग, सूतकताई, विणकाम सगळं त्या बघत. साखर, सोडा, कॉफी आणि मीठ एवढं सोडलं तर आमच्या जमिनीत सगळं पिकतं, असं त्या सांगत.

पार्क झालं तेव्हा आजूबाजूची कुटुंबं निघून गेली. या बहिणी हलल्या नाहीत. शेवटी १९४० च्या सुमारास पाच जणींनी (नॅन्सी १९३१ मध्ये वारली होती) १२२ एकरांहून थोडी जास्त जमीन ४,७५० डॉलरला सरकारला दिली, पण मरेपर्यंत तिथेच राहण्याच्या अटीवर. अट मान्य झाली. मात्र आता शिकार नाही, मासेमारी नाही, हवं तेव्हा झाड तोडणं नाही, गुरं चारणं नाही. म्हणजे घर राहिलं, पण ज्या जगण्यावर ते उभं होतं ते बेकायदा ठरलं.

मग १९४६ मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि लोकांची रीघ लागली. बहिणींनी त्यातूनही मार्ग काढला: पाहुण्यांचं स्वागत आहे अशी पाटी लावली, हाताने केलेल्या वस्तू विकल्या, लुइसाने कविता लिहून त्या विकल्या. १९५३ पर्यंत दोघीच उरल्या, मार्गारेट आणि लुइसा. तेव्हा त्यांनी पार्कच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून ती पाटी काढून टाकायची विनंती केली. वय झालंय, घरातली कामंही उरकत नाहीत, पाहुण्यांची उठबस आता होत नाही, असा त्याचा आशय. लुइसा १९६४ मध्ये गेली.

त्यांना काळ थांबवून बसलेल्या भोळ्या म्हाताऱ्या म्हणून सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. सरकारशी व्यवहार करून आपल्या अटीवर घरात राहिलेल्या, गर्दी आली तेव्हा तिच्याकडून चार पैसे मिळवलेल्या आणि झेपेना तेव्हा स्पष्टपणे "पुरे" म्हणालेल्या बायका भोळ्या कशा?

हेन्री व्हाइटहेडच्या घरामागे ती झोपडी कसली?

मटिल्डा शील्ड्सला नवरा लहान मुलासकट सोडून गेला. तिच्या भावांनी घाईघाईने तिला एक खोपटं उभारून दिलं. ओबडधोबड ओंडके, खडबडीत दगडांचं धुराडं. पुढे तिने हेन्री व्हाइटहेडशी लग्न केलं. तो विधुर होता, त्याला मुली होत्या. १८९५-९६ मध्ये त्याने त्या खोपटाला लागून तिच्यासाठी घर बांधलं. त्याचे ओंडके गिरणीत करवतीने चौकोनी कापलेले, कडा इतक्या सरळ की लांबून फळ्यांचं घर वाटावं. धुराडं विटांचं. खोऱ्यात विटांचं धुराडं म्हणजे थाट होता.

गावात तिला सगळे टिल्डीमावशी म्हणत. दोन्ही घरं आजही पाठीला पाठ लावून उभी आहेत. केड्स कोव्हच्या मुख्य रस्त्यावरून हे घर दिसत नाही, बाजूच्या फोर्ज क्रीक रस्त्याकडे वळावं लागतं, म्हणून बहुतेकांचं चुकतं. एकच घर बघायला वेळ असेल तर हे बघा.

म्हणजे तिथे सगळे अशाच घरांत राहत होते?

नाही, आणि हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

केड्स कोव्हमध्ये १८५० साली ६८५ माणसं राहत होती. १८७० नंतर करवतगिरण्या आल्या तशी फळ्यांची, रंग दिलेली, काचेच्या खिडक्यांची घरं बांधली जाऊ लागली. १८७९ मध्ये लिसन ग्रेगने बांधलेलं घर खोऱ्यातलं पहिलं पूर्ण चौकटीचं घर मानतात. त्यात नंतर बेकी केबल १९४० पर्यंत राहिली. ते आता पाणचक्कीजवळ आणून ठेवलं आहे. रोअरिंग फोर्कला अल्फ्रेड रेगनच्या घराचा रंग अजून दिसतो. सिअर्स अँड रोबक या कॅटलॉगवरून माल विकणाऱ्या कंपनीकडे मिळणारे तिन्ही रंग त्याने लावून टाकले, असं सांगतात. १८९० च्या दशकात खोऱ्यातल्या लोकांनी स्वतः टेलिफोनची तार ओढली होती. म्हणजे पार्कवाले आले तेव्हा इथे मासिकं वाचणारे, कॅटलॉगमधून सामान मागवणारे, मुलांना कॉलेजला पाठवू पाहणारे शेतकरी राहत होते.

पार्कने काय जपायचं ते ठरवताना ओंडक्यांची घरं ठेवली आणि नव्या पद्धतीची बहुतेक पाडली. काही ओंडक्यांच्या घरांवर मागाहून ठोकलेल्या फळ्याही काढून टाकल्या. लोकांना पहाडी माणूस कसा बघायला आवडेल याची एक कल्पना आधीच ठरलेली होती, तिला साजेसं तेवढं उरलं. त्यामुळे आज खोऱ्यात फिरताना १९३० सालचं गाव दिसत नाही, आणि १८३० सालचंही दिसत नाही. दिसतं ते निवडलेलं.

तिथली माणसं गेली कुठे?

पार्कसाठी जमीन सरकारी नव्हती. बरीचशी लाकूड कंपन्यांची होती, बाकीची शेतकऱ्यांची. दोन राज्यांनी, वर्गणीदारांनी आणि रॉकफेलर कुटुंबाच्या ५० लाख डॉलरच्या देणगीने ती विकत घेतली गेली. १२०० हून अधिक जमीनमालकांना जावं लागलं. ज्यांच्याकडे नावावर जमीन नव्हती, अशा कुळांना आणि मजुरांना मोबदलाही मिळाला नाही. पार्क १९३४ मध्ये अस्तित्वात आलं आणि १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यूफाउंड गॅपला त्याचं लोकार्पण केलं.

पहिल्या जॉन ऑलिव्हरचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर हा टपाल वाटणारा, धर्मोपदेशकाचं काम करणारा माणूस. जमीन द्यायला त्याने नकार दिला आणि टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. हरला. १९३७ च्या ख्रिसमसच्या दिवशी त्याने खोरं सोडलं. धरणात किंवा अभयारण्यात गाव गेलेल्या कोयनेकाठच्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

पार्कात दीडशेच्या आसपास दफनभूमी आहेत आणि वंशज अजून दरवर्षी त्या साफ करून फुलं वाहायला येतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला फाँटाना धरणाच्या पाण्यामुळे वाट तुटलेल्या दफनभूमींकडे पार्क त्यांना बोटीने नेतं.

पाटीवर लिहिलेलं साल खरं असतं का?

नेहमी नाही. ते तपासायला ओंडक्याला भोक पाडून पेन्सिलीएवढा नमुना काढतात आणि वाढीच्या वलयांचा जाड-बारीक क्रम त्याच भागातल्या ज्ञात क्रमाशी जुळवतात. सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते नेमकं कळतं. या तंत्राने पूर्व टेनेसीतल्या अनेक घराण्यांचा हिरमोड केला आहे. पाइनी फ्लॅट्सचं रॉकी माउंट हे घर १७७० च्या सुमाराचं मानत, ओंडके १८२० च्या दशकाच्या अखेरचे निघाले. स्वॅगर्टी ब्लॉकहाउस म्हणजे १७८७ सालची गढी अशी ख्याती होती, ते निघालं १८६० च्या सुमाराचं कोठार. नॉक्सव्हिलजवळ टेनेसीचे पहिले गव्हर्नर जॉन सेव्हियर यांचं म्हणून दाखवलं जाणारं घर ते वारल्यावर, १८३० च्या दशकात, बांधलेलं ठरलं. केंटकीत लिंकनचं जन्मघर म्हणून संगमरवरी इमारतीत जपलेल्या केबिनचे सर्वांत जुने ओंडके १८४८ चे आहेत. लिंकनचा जन्म १८०९ चा.

गरिबीच्या केबिनमधून आलेला नेता हे राजकीय भांडवल त्याही आधीचं आहे. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनने केबिनचं चित्र घेऊन प्रचार केला आणि जिंकला. तो स्वतः व्हर्जिनियातल्या मोठ्या मळ्यावरच्या विटांच्या वाड्यात जन्मला होता.

वरचा मजला हवेत लटकल्यासारखी कोठारं का बांधली?

खाली ओंडक्यांचे दोन चौक, आणि त्यांच्यावर आडवे टाकलेले लांब वासे चारी बाजूंनी बाहेर काढून त्यावर गवताचा मोठा माळा. छपराची कड इतकी लांब येते की खालच्या ओंडक्यांना पाऊस लागत नाही आणि सावलीत अवजारं, गुरं राहतात. अशी कोठारं जवळजवळ सगळी पूर्व टेनेसीत, त्यातही सेव्हियर आणि ब्लाउंट या दोन काउंटींत आहेत. केड्स कोव्हमध्ये टिप्टनच्या जागेवरचं कोठार ही प्रतिकृती आहे.

चेस्टनटचं एवढं काय?

अ‍ॅपलाचियन जंगलातलं साधारण दर चौथं झाड चेस्टनटचं होतं. लाकूड सहजी कुजत नाही, फळांवर डुकरं पोसली जात, फळं विकून मुलांचे बूट येत. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका बुरशीचा रोग दिसला, १९२० च्या दशकात तो स्मोकीत पोचला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मोठी झाडं संपली. ओकोनालुफ्टीचं डेव्हिस घर त्याआधी, १९०० च्या सुमारास, चेस्टनटचं बांधलेलं आहे. जॉन डेव्हिसने ओंडके मधोमध फोडून दोन अर्धे समोरासमोरच्या भिंतींत लावले. एका भिंतीवरची गाठ दुसऱ्या भिंतीवर शोधायला लहान मुलांना सांगा, अर्धा तास निवांत मिळतो.

भिंतींवर नावं कोरलेली दिसतात, ती जुनी आहेत का?

बहुतेक कालपरवाची. बदाम, बाण, सालं, सगळं आपल्या गडांवरच्यासारखंच. इथे तो संघीय गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. ओंडका तासून पुन्हा सपाट करता येत नाही, आणि बदलायचा म्हटलं तर त्याच जातीचं, त्याच जाडीचं झाड शोधून हातानेच तासावं लागतं.

जायचं कसं, वेळ किती लागतो?

अटलांटाहून चारेक तास. प्रवेश फी नाही, पण मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो. सुरुवातीचे दर दिवसाला ५, आठवड्याला १५ आणि वर्षाला ४० डॉलर होते. केड्स कोव्हचा ११ मैलांचा रस्ता ऑक्टोबरच्या वीकेंडला तीन-चार तास घेतो, कारण अस्वल दिसलं की पुढची गाडी रस्त्यातच थांबते. सूर्योदयाला पोचा. मे ते सप्टेंबर बुधवारी तो रस्ता गाड्यांना बंद आणि सायकलींना खुला असतो. रोअरिंग फोर्क हिवाळ्यात बंद. फोनला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. अस्वलापासून ५० यार्ड लांब राहायचं, फोटोसाठीसुद्धा.

आपण भाड्याने घेतो त्या केबिन अशाच असतात का?

नाही. त्यांत हॉट टब असतो.

घरं आतून रिकामी का?

सामान ठेवलं तर चोरीला जातं, आणि दमट हवेत टिकतही नाही. बाजा, चरखे, खुंट्यांवरचे कपडे, चुलीवरची भांडी असं भरलेलं घर बघायचं असेल तर नॉक्सव्हिलच्या उत्तरेला नॉरिसजवळ म्युझियम ऑफ अ‍ॅपलाचिया आहे. जॉन राइस अर्विन यांनी डोंगरातल्या घरोघरी फिरून जमवलेल्या वस्तूंमधून ते उभं केलं. तिथे तिकीट आहे, आणि किमान अर्धा दिवस हाताशी ठेवा.